झर्गाचा पान्हा

हद्दाच्या तीन उंटिणींत झर्गा सगळ्यांत दुधाळ, आणि नेमकं तिचंच पिल्लू पोट फुगून दगावलं. तेव्हापासून तिने दूध द्यायचं बंद केलं. उंटिणीचं असंच असतं. पिल्लू कासेला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही.

"चोरते पान्हा," हद्दाचा नवरा लझहर म्हणाला.

"तिचाच पान्हा, ती चोरेल कसा रे?"

बाकीच्या दोघींचे चारपैकी दोन-दोन सड हद्दा पिल्लांना राखायची. या नियमावर लोक हसत, पण दुधाचा धंदा तिने त्यावरच उभा केला होता. आज जर्बा बेटावरून हॉटेलवाले मुन्सिफ येणार होते. त्यांनी दूध ठरवलं तर ठीक, नाहीतर लझहर कसायाचं नाव काढायला लागलाच होता.

"दोघींच्या दुधात हॉटेलची मांजरांचंसुद्धा भागायचं नाही," असं म्हणत त्याने मेलेल्या पिल्लाच्या कातड्यात पेंढा भरून ठेवला होता. इतके दिवस हद्दा नाही म्हणत होती. आज म्हणाली, "आण."

मुन्सिफ आले आणि कातडं झर्गापुढे ठेवलं गेलं. तिने ते हुंगलं, चाटलं, घशातल्या घशात हळूच घुमली. आणि पान्हा आला. एका पायावर उभी राहून, दुसऱ्या मांडीवर वाडगं टेकवून हद्दा धारा काढू लागली.

मुन्सिफांनी फोन काढला. "वा, लल्ला हद्दा!" बाईंना मानाने लावायचं 'लल्ला' लावत ते म्हणाले. " हे आमच्या अंगणातच करा की. पेंढ्याचं बाळ, वेडी आई! पाहुणे फोटो काढून थकतील. बघा, कशी फसते!"

हद्दाचा हात थांबला. त्यांचं काही खोटं नव्हतं. ती तेच तर करत होती, फक्त हसत नव्हती.

तिने वाडगं खाली ठेवलं आणि कातडं उचलून लझहरच्या हातात दिलं. "पुरून ये."

"अगं, पान्हा जाईल!"

"जाऊ दे." मग ती मुन्सिफांकडे वळली. "हिचं पिल्लू गेलंय. ही आता कामावर नाही. दोघींचं दूध देईन, पिल्लांचं पिऊन उरेल तेवढं."

"अख्खं हॉटेल नाश्ता करतं, लल्ला!"

"बाकीच्यांना चहा द्या."

मुन्सिफ हसले. वाडग्यातलं दूध त्यांनी चाखलं, पुन्हा चाखलं. "ज्यांना गाईचं पचत नाही, ते पाहुणे रोज विचारतात. त्यांच्यापुरतं द्याल?"

"देईन. गाडी तुम्ही पाठवायची."

"हे बरंय!" म्हणत का होईना, ते कबूल झाले.

लझहर फावडं झटकत परतला, तेव्हा मुन्सिफांची गाडी वळणाआड गेली होती.

"ठरलं?"

"थोडंसं."

"दोघींच्या कमाईवर तिघी जगायच्या?"

"माझ्या एकटीच्या कमाईवर आपण दोघं जगतोच की!"

लझहरने झर्गाची दोरी सोडली. मग तो तिला चरायला घेऊन गेला.