तीन लितिया आणि एक शून्य

लागीचं डोकं पार भंजाळलं होतं. काहीही सिद्ध करायला घ्यावं, शेवटी शून्यच. सदिशांचे फुलीचे गुणाकार वासिती मॅडमनी अक्षरांत मांडायला शिकवले होते: प्रत्येकाच्या पायाशी आय, जे, के असं एखादं अक्षर लावायचं, आणि अक्षर दोनदा आलं की त्यावर बेरीज. लागीच्या हातून मात्र पदं एकमेकांना खाऊन टाकत, आणि मॅडम त्या शून्याभोवती लाल गोल काढत. आज दुपारी फेरपरीक्षा. नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद, आणि इथून, सुवाहून, थेट घरी आपियाला परतीचं विमान. तिकडून निघताना निरोप द्यायला अख्खं चर्च विमानतळावर आलं होतं. आता कुठल्या तोंडाने परत जायचं?

"आधी खा गं बाई," तिच्या खोलीतल्या लितियाने उकडलेला कसाव्याचा कंद पुढे सरकवला. "उपाशीपोटी शून्यसुद्धा धड यायचं नाही."

तेवढ्यात वसतिगृहाच्या मावशी खालून ओरडल्या, "लितिया, फोन!"

लितिया धावली. आणखी दोन दारं उघडली नि आणखी दोन लितिया धावल्या. खाली तिघींची जुंपली.

"मावशी, कुठली लितिया?"

"मला काय विचारता? फोनवरचा लितिया म्हणाला, मी लितिया म्हणाले!"

तोवर फोन बंद.

लागी हसता हसता थांबली. तिने कागद ओढला. बाहेरच्या गुणाकारात आय, जे, के; त्याच्या पोटातल्या गुणाकारातही तीच, म्हणजे एकच अक्षर तीन-तीनदा! हाक कुणाला नि ओ कोण देतंय, कशाचा कशाला पत्ता नाही. तिने आतल्यांना एल, एम दिलं. उत्तर पहिल्यांदाच शून्य आलं नाही. पण हे आपल्याला खरंच कळलं की नुसतं जमलं, ते तिला सांगता आलं नसतं.

परीक्षेला मॅडमच्या खोलीत ती एकटीच. प्रश्न होता: तीन सदिशांच्या जागा क्रमाने फिरवून केलेल्या तीन दुहेरी फुलीच्या गुणाकारांची बेरीज सोपी करा. तिने जपून अक्षरं वाटली. काही पदं अधिक, काही वजा. ती जुळवत गेली आणि खाली उरलं शून्य.

मेलं इथेही आलंच! तिला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. खोडायला रेघ ओढू लागली, मग थांबून एकेक पद तपासलं. कुठलंच अक्षर तिसऱ्यांदा नव्हतं. पुन्हा तपासलं. विश्वास ना शून्यावर, ना स्वतःवर. वेळ संपली तेव्हा शून्यावर अर्धीच रेघ होती.

मॅडमची नजर त्या रेघेवर थांबली. "हे खोडायचंय का?"

"नाही," लागी म्हणाली.

मॅडमनी लाल पेन उघडलं आणि शेजारी बरोबरची खूण केली.

"बरं केलंस. वर्षभरातलं तुझं हे एकच शून्य खरं आहे."