पुनरुक्ती टाळावी

"आजोबा, झाला वाचून उतारा?"

"झाला."

"मग सांगा, काय होतं त्यात?"

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुस्तकावर बोट ठेवलं. "तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय. खाली 'नदीच्या' दोनदा छापलंय. आणि हा पानाचा आकडा बघ, वाकडा बसलाय. हल्ली प्रुफं कोण तपासतं, देव जाणे!"

"ते नाही हो! गोष्ट काय होती?"

"गोष्ट? एक नाव होती."

"आणि?"

"नदी होती. दोनदा."

नातीने कपाळावर हात मारून घेतला. ती चौथीत होती, पण बोलताना तर्जनी अशी उभारायची की घरात सगळे तिला हेडबाई म्हणत. आई कामावरून येईपर्यंत ती रोज आजीआजोबांकडे असायची. आज शाळेतून फर्मान आलं होतं: घरातल्या मोठ्या माणसाला एक उतारा वाचायला द्या आणि त्याला तो समजला का, ते लिहून आणा.

"त्यांना काय विचारतेस?" स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागे. "त्यांना वाचता येत नाही!"

हे मात्र आजोबांना झोंबलं. अहो, अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली होती त्यांनी! कवितांपासून कायद्यापर्यंत काय म्हणून त्यांच्या नजरेखालून गेलं नव्हतं? छापखान्यात त्यांचं नावच पडलं होतं 'लालशाई'. तांबडं पेन सदऱ्याच्या वरच्या खिशात, हृदयाच्या बरोब्बर वर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी पेन तिथेच होतं. आता खरं सांगायचं तर, एवढ्या पुस्तकांतल्या एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. "ती नवी कादंबरी कशी आहे हो?" असं कुणी विचारलं की ते सांगत, "स्वच्छ आहे."

"आजी, असं काय बोलतेस?" हेडबाईंनी डोळे वटारले.

"माझ्याकडे पुरावा आहे," म्हणत आजी पदराला हात पुसत बाहेर आली. तिने कपाटातला पत्र्याचा डबा काढला आणि पिवळी पडलेली चार पानं नातीच्या हातात ठेवली. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या आईचा पाय मोडला म्हणून मी दोन महिने माहेरी गेले होते. तिथून यांना पत्र लिहिलं. चांगलं चार पानी! पंधरा दिवसांनी पोस्टमन पाकीट घेऊन आला. मी धावत दारात. उघडून बघते तर काय, माझंच पत्र! तांबड्या शाईत न्हाऊन आलेलं. खाली शेरा: 'मजकूर ठीक. पुनरुक्ती टाळावी.'"

हेडबाई हसून हसून खुर्चीवरून खाली घसरल्या. आजीही हसली. हा किस्सा ती गेली बेचाळीस वर्षं रंगवून सांगत होती आणि दर वेळी आजोबाही हसत असत.

"त्यानंतर मी यांना एक ओळ लिहिली नाही," आजी म्हणाली. "सामानाची यादीसुद्धा तोंडी सांगते."

हेही ती नेहमीच सांगायची. पण आज आजोबांना हसू आलं नाही. गोष्ट काय होती, हे त्यांना नातीला सांगता आलं नव्हतं आणि ते त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

"हेडबाई," आजी आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "शाळेत तुम्हाला कसं वाचायला शिकवतात? मला शिकव."

एवढंच हवं होतं! बाईंनी ओढणी खांद्यावर टाकली, पट्टी हातात घेतली. "पहिलं म्हणजे, पेनाला हात लावायचा नाही. आता एकेक परिच्छेद वाचायचा, थांबायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. पुस्तकातले शब्द चालणार नाहीत."

आजोबांनी वाचलं. थांबले. "एक म्हातारा नावाडी आहे. दिवसभर माणसांना नदीपार नेतो."

"बरोबर. पुढे."

"संध्याकाळी उतारू नसतात, तरी हा रिकामी नाव घेऊन पलीकडे जातो." आजोबांनी भुवया उंचावल्या. "का बुवा?"

"तोच तर प्रश्न आहे! आणि उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाहीये."

"म्हणजे छापायचं राहिलं?"

"नाही हो, आजोबा! लिहिणाऱ्याने मुद्दामच सांगितलं नाही. आमच्या बाई म्हणतात, एखादा शब्द पुन्हा पुन्हा येतो का बघा. तो लिहिणाऱ्याच्या मनातला असतो."

आजोबा पुन्हा पुस्तकात शिरले. पलीकडच्या काठावर लेकीच्या झोपडीत दिवा लागे. दिवा लागायला उशीर झाला की नावाडी हातातलं जाळं खाली ठेवी. दिवा दिसला की वल्हं हलकं होई. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "अगं, लेक सुखरूप आहे ना, ते बघायला जातो तो! पलीकडे उतरतसुद्धा नाही. दिवा बघतो आणि परत येतो!"

"कुठे लिहिलंय असं?"

"कुठेच नाही!" आजोबा ओरडलेच. सत्तरीच्या माणसाला इतका आनंद झालेला बघून हेडबाईही खूश झाल्या. त्यांनी वहीत लिहिलं: 'आजोबांना समजलं.' मग नजर टेबलावरच्या पिवळ्या पानांकडे गेली.

"आता हे वाचा."

"ते नको गं. ते वाचलंय मी."

"तुम्ही तपासलंय," हेडबाई म्हणाल्या.

मुलगी कुणावर गेली होती, हे सांगायची गरज नव्हती. आजोबांनी पानं उचलली. कधी लिहिलं? पावसाळा सरताना. कुणी? वीस वर्षांच्या मुलीने. पहिला परिच्छेद वाचून ते थांबले.

"तिच्या आईचा पाय बरा होतोय. पायापेक्षा तोंड जास्त चालतंय."

"पुढे."

"ही खिडकीत बसून वाटाणे सोलते. शाळेत जाणारी पोरं दिसतात. एक रोज हिला वाकुल्या दाखवतो." आजोबा खुदकन हसले. "शेजारचं मांजर खिडकीत येऊन बसतं. त्याच्याशी ही गप्पा मारते. मग आपल्या घराबद्दल लिहिलंय. घर छान आहे, शेजार चांगला आहे, तुम्ही तर फारच चांगले आहात."

"आणि शेवटी?"

शेवटची ओळ होती: 'फक्त ओट्यासमोर भिंत आहे.' तिच्या शेजारी समासात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'वाक्य अपूर्ण वाटते.'

"कुठला शब्द पुन्हा पुन्हा येतो, आजोबा?"

शोधायची गरजच नव्हती. त्यांनी स्वतःच त्या शब्दाभोवती तांबडी वर्तुळं काढून ठेवली होती. खिडकी. सात वेळा. त्यातल्या पाच खोडून वर 'तेथून' आणि 'तेथे' असं लिहिलं होतं.

आजोबा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत पिवळा दिवा. आजी पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. तिच्या डोळ्यांसमोर भिंत, आणि भिंतीवर कॅलेंडर: हिरवा डोंगर, खाली नदी. दर वर्षी दुकानात जाऊन ती डोंगरनदीचंच कॅलेंडर निवडून आणायची. देवाचं नको, बाळाचं नको. आजोबा तिला हसायचे. आज त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तिने सात वेळा सांगितलं होतं आणि आपण पाच वेळा खोडलं!

बाहेर येऊन ते पुटपुटले, "हेडबाई, मी नापास."

"पुन्हा बसता येतं परीक्षेला," हेडबाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात आजी धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेली. तिची रिक्षा वळणावर दिसेनाशी होते न होते तोच गवंडी दारात हजर. "एवढं वय झाल्यावर आता भिंत फोडायची?" त्याने विचारलं. आजोबा म्हणाले, "फोड बाबा, आधीच उशीर झालाय." पहिला घाव बसला आणि धुळीचा लोट उठला. आजोबा नाकाला रुमाल बांधून मधे मधे करत राहिले. शेवटी गवंड्याने त्यांना घरामागे खुर्ची दिली आणि बसवून ठेवलं. मागच्या गल्लीतून शाळेचा रस्ता जायचा. घरात इतकी वर्षं काढून ही गोष्ट आजोबांना आत्ता कळली.

आजी आली ती पिशव्या घेऊन तडक स्वयंपाकघरात. सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात गेला आणि तिथेच थांबला. ओट्यावर ऊन पडलं होतं. स्टीलच्या पातेल्यांवर, चहाच्या डब्यावर, सगळीकडे ऊन.

"माझं कॅलेंडर कुठाय?" ती म्हणाली.

दारामागे लपलेल्या हेडबाईंनी तोंडावर हात दाबला. आजीने खिडकीची कडी काढली, लावली, पुन्हा काढली. गजांना हात लावून बघितला. गल्लीतून दोन पोरं दप्तरं हलवत चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आजी बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे, लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. पत्रात."

"बेचाळीस वर्षं लागली वाचायला?"

"चार पानं होती," आजोबा म्हणाले.

आजी हसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि ते मांजर नाही आणलंत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा वामकुक्षी आटोपून उठले. चष्म्याखाली घडी घातलेला कागद होता. उलगडला तर चार पानं. ओळी थोड्या तिरक्या गेलेल्या, हात लिहायची सवय विसरला होता. त्यांनी एक परिच्छेद वाचला आणि थांबले. मग दुसरा. घाई केली नाही. 'खिडकी' हा शब्द अकरा वेळा आला होता, आणि दर वेळी त्यांना तो वाचून बरं वाटलं.

"काय लिहिलंय आजीने?" हेडबाई पट्टी घेऊन समोर उभ्या. "आपल्या शब्दांत सांगा."

आजोबांनी पानांची पुन्हा घडी घातली.

"बाई, हे तिच्याच शब्दांत राहू दे," ते म्हणाले. वरच्या खिशातलं तांबडं पेन काढून त्यांनी नातीच्या हातावर ठेवलं आणि त्या जागी पत्राची घडी सरकवली.