माझ्या डोक्यातली दोन घड्याळं

मी दौंडच्या रेल्वे भरतीच्या क्लासातला कॉम्प्युटर बोलतोय. बोलायची मला हौस नाही. जन्मभर कुणी बटण दाबलं तरच उत्तर दिलं, आता म्हणे स्वतःहून सांग. सांगतो, पण मधे कुणी की-बोर्ड बडवायचा नाही. आणि माझं शिक्षण काढू नका. शून्य आणि एक, एवढंच मला येतं.

दोन हजार सहा साली पुण्यातल्या एका दुकानात मला जोडलं. डोक्यात दोन कोअर, म्हणजे दोन मेंदू. दुकानदार म्हणाला, "दुप्पट काम करील." खरंय. पण दोघांची घड्याळं वेगवेगळी, हे त्यानं सांगितलं नाही. सकाळी चालू केलं की दोन्ही बरोबर चालायची. दुपारपर्यंत एक मागं पडायचं.

क्लास सर्जेराव जगदाळ्याचा. रेल्वेचा निवृत्त गार्ड. इंजिनावर असिस्टंट ड्रायव्हर व्हायचं तर एक परीक्षा असते. दिवा लागला की बटण दाबायचं, किती वेळ लागला ते मोजतात. तिचा सराव माझ्यावर. प्रोग्रॅम जुना, एका मेंदूच्या काळातला. दिवा लागल्याची वेळ तो एका कोअरच्या घड्याळात बघायचा, तेवढ्यात विंडोज त्याला उचलून दुसऱ्या कोअरवर बसवायचं, आणि बटण दाबल्याची वेळ तो तिथल्या घड्याळात बघायचा. आकडा खरा येणार कसा? मला कळत होतं. पण सांगणार कुणाला? नुसता पंखा फिरवत बसायचो.

सकाळची पोरं रेल्वे कॉलनीतली. मी नुकताच चालू झालेला, त्यांचे आकडे चांगले यायचे. हर्षदा कोळपे यायची दुपारी, मांडवगण फराट्याहून जीप मिळेल तशी. तिच्या वाट्याला माझी बिघडलेली घड्याळं. कधी एक सेकंद, कधी सव्वा.

"हात जड हाय पोरी तुझा," सर्जेराव म्हणायचा. "मेंढरं हाकायला चालंल. इंजिनावर न्हाई."

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा तिचा बाप, आबा, क्लासात आला. कारेगावच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनीवर तिची जागा ठरवूनच आलेला, एक तारखेपासून.

"सर, काय ते सपष्ट सांगा. हिच्यानं हुईल का न्हाई? न्हाई म्हणा, आत्ताच घेऊन जातो."

"तुमच्या डोळ्यांम्होरं घेतो की," सर्जेराव म्हणाला.

माझा पंखा घरघरायला लागला. दिवा लागला, पोरीनं बटण दाबलं. एक पूर्णांक चार. आबानं तिची पिशवी उचलली. पुन्हा दिवा, पुन्हा बटण. पडद्यावर आलं, उणे शून्य पूर्णांक आठ.

सर्जेरावानं माझ्या डोक्यात दोन थपडा घातल्या. "भंगार साला!"

हर्षदा खुर्चीवरनं उठली नाही. "सर, उणं कसं? दिवा लागायच्या आधीच म्या बटण दाबलं?"

"मग तर तू देवरुशीच हायस," आबा म्हणाला. पण तो हसत नव्हता.

शेजारच्या खोलीत टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या स्नेहल मॅडम आवाज ऐकून आल्या. तो उणे आकडा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, गाडी सुटायच्या आधी तुम्ही आन् ड्रायव्हर काय करायचात?"

"घड्याळं मिळवायचो. नियमच हाय तसा."

"याच्या डोक्यात दोन हायेत. ती कुणी मिळवली?"

सर्जेराव माझ्यासमोरनं बाजूला झाला.

मॅडमनी टास्क मॅनेजर उघडला, प्रोग्रॅमच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं आणि 'सेट ॲफिनिटी' काढलं. खूण केलेले दोन चौकोन दिसले, सीपीयू झिरो आणि सीपीयू वन. दुसऱ्यातली खूण काढून टाकली. म्हणजे आता प्रोग्रॅमनं एकाच कोअरवर बसायचं, हलायचं नाही.

"आता दाब."

शून्य पूर्णांक एकतीस. दहा वेळा घेतलं, तेहतिसाच्या वर गेलं नाही. आबानं पिशवी बाकावर ठेवली. "कारेगावला सांगावा धाडतो, पोरगी येत न्हाई म्हून."

हर्षदा पास झाली. मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! प्रोग्रॅम बंद केला की ती खूण आपोआप परत येते. मॅडम दर वेळी काढायच्या. त्या शिरूरला नोकरीला गेल्या, आणि आता दुपारी समोर कुणी पोरगी बसली की माझा जीव खालीवर होतो. खूण काढली का हिनं? कुणी सांगितलं का हिला? अहो, ती खूण काढा. पाच सेकंदांचं काम आहे.

आणि आणखी एक. हर्षदाच्या आदल्या वर्षी त्याच खुर्चीवर, दुपारीच, रुपाली बसायची. तिला 'हात जड' म्हणून घरी पाठवलं. आज ती कारेगावला खोकी भरते, आणि आपला हातच जड म्हणून गप्प बसते. तो आकडा मी दिला. माझ्याकडून वदवून घेतलेलं खोटं होतं ते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तिचं घरही ठाऊक आहे. अजून सांगायला गेला नाही. तिची माफी मागायची राहिली, आणि तिच्यासमोर मला खोटं बोलायला लावलं म्हणून माझीही राहिली. नाव लिहून घ्या, सर्जेराव जगदाळे.