शालिनीबाईंची शुगर आणि मी

मी ग्लुकोमीटर. बोटावरच्या थेंबातून रक्तातली साखर सांगतो. मित्रांनो, आता मी तसा जुना झालो. बटण दोनदा दाबावं लागतं. पण नशीब थोर, म्हणून कारखान्यातून निघालो तो इंदूरला शालिनीबाईंच्या देवघराशेजारी येऊन बसलो. सकाळी देवापुढे दिवा लागला की माझी पाळी. मी आकडा सांगायचो, तो मोबाइलमधून त्यांच्या दवाखान्यातही जायचा.

चतुर्थीनंतर मात्र आकडा चढलेला असायचा. उपवासाची साबुदाणा खिचडी! डॉक्टर म्हणाले, "उपवास बंद करा." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्माचं व्रत मोडायचं कसं?

तेवढ्यात दवाखान्यातून कस्तुरी नावाच्या मुलीचा फोन आला. "आंटीजी, शुगर असून उपवास सांभाळून कसे करावेत, यावर रिसर्च आहे. तुमचे रिडिंग बघून तुम्हाला निवडलंय. याल ना?"

बाईंनी फोनच ठेवला. "माझी शुगर परक्या पोरीला कशी कळली?"

त्यांचे यजमान अच्युतराव पोह्यांवर शेव घालत म्हणाले, "अगं, खजराना गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत तूच सगळ्यांना सांगतेस! फुलवाल्या भियालासुद्धा पाठ आहे."

"ते मी सांगितलं. या दवाखानेवाल्यांनी मला विचारलं का?"

राग निघाला माझ्यावर. "मेला चुगलखोर!" म्हणत त्यांनी मला पिठाच्या डब्यामागे टाकलं. मुंग्या तेवढ्या येऊन हुंगून गेल्या.

पुढची चतुर्थी जवळ आली. बाईंचा जीव टांगणीला. अशात कस्तुरी स्वतःच घरी आली.

"आंटीजी, रिडिंग बघण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. नाही म्हणालात तरी तुमच्या इलाजात फरक पडणार नाही."

"आणि माझं नाव कुठे कुठे फिरेल?"

"कुठेच नाही. नावाऐवजी नंबर असेल."

"नंबर? उपास मी करायचे आणि पुण्य नंबरला? नाव घाला माझं, माहेरच्यासकट!"

अच्युतरावांना हसता हसता ठसका लागला. कस्तुरीने हात जोडून नियम समजावला. बाईंनी नाइलाजाने नंबर पत्करला आणि मला पदराने पुसलं. ती चतुर्थी डॉक्टरांना विचारून, खिचडीऐवजी दही-काकडीवर पार पडली. दुसऱ्या दिवशी माझा आकडा पाहून बाईंनी आधी बाप्पाला नमस्कार केला, मग मला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमचे सेल वेळेवर बदला, आम्हाला डब्यामागे टाकू नका. आणि कुणाच्या दुखण्याची गोष्ट पुढे न्यायची असेल, तर आधी त्याला विचारा. विचारलं तर माणूस पुष्कळदा हो म्हणतो, आणि वर चहा पाजतो. बिनसाखरेचा का होईना!