सिंकखालचा मजकूर

नळवाले काका गेले त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत ते दिवसेंदिवस गोड होत चालले होते. जिवंतपणी ज्यांनी त्यांच्या तोंडून एक सरळ वाक्य ऐकलं नव्हतं, ती माणसं आता जिन्यात काकूंना थांबवून म्हणायची, "काय देवमाणूस होता हो!" काकू मान डोलवायच्या आणि घरात शिरून चपला काढता काढता पुटपुटायच्या, "देवमाणूस म्हणे. मग एक्केचाळीस वर्षं माझ्याशी भांडला तो कोण?"

इमारत तीन मजल्यांची, चोवीस बिऱ्हाडांची. दर वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये सभा भरायची आणि त्या वर्षी गेलेल्यांची आठवण काढली जायची. प्रत्येकाला एक पान. कमी नाही, जास्त नाही. ते पान सेक्रेटरी लिहायचे, सेक्रेटरीच वाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका जाडजूड वहीत चिकटवायचे. खळ ते घरी स्वतः शिजवायचे. ती अशी जबरी असायची की पान फाटलं तरी सुटायचं नाही. त्यामुळे वहीत जे गेलं ते गेलं. इमारतीपुरता तो माणूस कायमचा तसा.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. माणसं मरतात वेगवेगळी, पण पान एकाच नमुन्यात हवं, असं त्यांचं ठाम मत. हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे. मागच्या वर्षी गेलेला पहिल्या मजल्यावरचा म्हातारा दहा वर्षं कोणाशी बोलला नव्हता, तोही मनमिळाऊ होऊन वहीत बसला होता.

यंदा तिघं होते. नळवाले काका, तिसऱ्या मजल्यावरचा कंडक्टर आणि बेकरीवाल्याच्या एक्क्याण्णव वर्षांच्या आजी. टेबलावर तिघांचे फोटो मांडले होते. काकांचा फोटो सेक्रेटरींनी कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापून मोठा करून आणला होता. त्यात काकांचे डोळे अर्धे मिटलेले, नाक फुललेलं, तोंड उघडं.

"बघा, किती प्रसन्न हसतायत!" सेक्रेटरी म्हणाले.

"शिंक येत होती त्यांना," काकू म्हणाल्या. "मी शेजारीच होते. पुढच्याच क्षणी माझा खांदा भिजला."

"तरीपण प्रसन्न दिसतायत," सेक्रेटरी म्हणाले आणि फोटो सरळ केला.

आजींचं पान वाचून झालं. आजी सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तरी सर्वांच्या मदतीला धावून जायच्या, हे ऐकून बेकरीवाल्याने फक्त डोकं खाजवलं. मग काकांचं पान सुरू झालं आणि तेवढ्यात कुणीतरी पंखा पाचवर केला. टेबलावरचे कागद उडाले. सेक्रेटरींनी ते चपळाईने गोळा केले आणि एक अक्षरही न अडखळता पुढे वाचायला लागले, "त्यांनी विणलेल्या लोकरीच्या टोप्या आजही कितीतरी लहानग्यांच्या डोक्यावर दिसतात. त्यांच्या हातचा टाका कधी सुटला नाही."

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. चोवीस बिऱ्हाडं गंभीरपणे माना हलवत होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या नणंदेने डोळ्याला रुमाल लावला.

"वहिनी," ती हुंदका आवरत म्हणाली, "दादा विणकाम करायचा हे मला माहीतच नव्हतं हो!"

"मलाही नव्हतं," काकू म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "सेक्रेटरीसाहेब, थांबा जरा. हा माझा नवरा नाही."

सेक्रेटरींनी चष्मा वर सरकवून कागद पाहिला, उलटा करून पाहिला आणि कबूल केलं की टोप्यांचा परिच्छेद आजींचा आहे. "पण बाकीचं बरोबर आहे ना?"

"बाकीचं तर त्याहून चूक आहे. हसतमुख कुठे होते हे? लग्नात फोटोग्राफर हात जोडून म्हणाला, साहेब थोडं हसा. तर त्यालाच विचारलं, कशाला? आणि धावून कुठे गेले? आधी फोनवर पंधरा मिनिटं शिव्या घालायचे, मग जायचे."

"अहो वहिनी, गेलेल्या माणसाबद्दल..." नणंद पदर ओढत होती.

"गेलेल्याबद्दलच बोलतेय. वहीत हा कुणी भलताच चिकटवला तर माझा गेला कुठे?"

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "बरं. मग खरं काय ते तुम्ही सांगा. घेतो लिहून."

आणि इथे काकूंची पंचाईत झाली. एक्केचाळीस वर्षं एका ताटलीच्या अंतरावर राहिलेला माणूस, पण चोवीस घरांसमोर तोंड उघडलं तर एक वाक्य येईना. "ते... ते हसायचे नाहीत," त्या म्हणाल्या. एवढंच. मागून कुणीतरी खुसखुसलं.

"उद्या दहापर्यंत लिहून आणा," सेक्रेटरी म्हणाले. "एक पान. नाहीतर माझं आहेच."

काकू घरी आल्या. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तो बारा वर्षं ठिबकत होता. अख्ख्या इमारतीत एकच नळ ठिबकायचा आणि तो नळवाल्यांच्या घरचा. त्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या. "ते" असं लिहिलं आणि पुढे पेन हलेना. रागीट होते, लिहायचं? मग सगळे म्हणणार, बायकोच अशी बोलते. कष्टाळू होते? हे तर सेक्रेटरींनाही सुचलं असतं. नणंद आतून म्हणाली, "टोप्यांचं राहू द्या की वहिनी, छान वाटत होतं."

साडेपाचला दारावर टकटक झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणायचे.

"काकू, तुम्ही बोललात ते बरं केलंत. मी भित्री, गप्प बसले. चला माझ्याकडे, एक दाखवायचंय. टॉर्च घ्या."

बाईंच्या स्वयंपाकघरात दोघी गुडघ्यांवर बसल्या. बाईंनी सिंकखालचं कपाट उघडलं, साबणाचे डबे बाजूला केले आणि मागच्या भिंतीवर टॉर्च मारली. लाल तेलकट खडूने, टपोऱ्या अक्षरात, तारखेसकट लिहिलं होतं: *वॉशर बदलला. नळ बंद करायचा असतो, त्याचा गळा आवळायचा नसतो.*

काकू बघतच राहिल्या. तो लाल खडू! एक्केचाळीस वर्षं शर्टाच्या खिशाला डाग पाडणारा. "काय करता हो त्याचं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "खुणा करतो." त्यांना वाटायचं, पाइप कुठे कापायचा त्याच्या खुणा.

"मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी चिडले होते," बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारले. माझ्या घरात येऊन मलाच शेरा? पण पुसला नाही. नळ मात्र तेव्हापासून हळू बंद करते."

"सगळ्यांकडे आहे हे?"

"विचारायचं कोणाला? आपल्याच सिंकखाली असलं लिहिलंय, हे कोण सांगणार?"

काकूंनी कागद आणि पेन आणलं. तळमजल्यापासून सुरुवात केली. आधी लोक आढेवेढे घ्यायचे, मग हळूच कपाट उघडायचे. शिंप्याने तर दिवाच बंद करून टाकला. "वाचा तुम्ही, मी बाहेर उभा राहतो," म्हणाला. त्याच्याकडे लिहिलं होतं: *पाइपातून निघालं ते असं: चौदा बटणं, एक अंगुस्तान, अर्धी कात्री. उरलेली अर्धी कुठे आहे?*

"सापडली का हो?" काकूंनी विचारलं.

"नाही ना," शिंपी दारातून म्हणाला. "सहा वर्षं शोधतोय. आता ते विचारणार नाहीत, तरी शोधतो."

बेकरीवाल्याकडे दोन नोंदी होत्या. वरची: *पीठ आणि पाणी एकत्र आलं की काय होतं, हे बेकरीवाल्याला मी सांगायचं?* आणि खालची, बरीच जुनी, पुसट झालेली: *आजी आता उंच होणार नाहीत, म्हणून नळ चार इंच खाली घेतला.*

बेकरीवाला वाकून वाचत होता. "नळ खाली आहे म्हणून मी तीस वर्षं कुरकुर करतोय," तो म्हणाला. "माझी पाठ मोडते. मला वाटलं, ह्यांचं माप चुकलं."

"विचारायचं ना."

"काकांना? ते काय म्हणाले असते?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणाले असते, तू वाकायला शिक."

साडेसातपर्यंत एकोणीस घरं झाली. तीन घरांनी नव्या फरशा बसवून मजकूर गाडून टाकला होता, त्यातल्या एका घरच्या बाईने मात्र तो तोंडपाठ म्हणून दाखवला आणि वर "मेला!" असंही म्हणाली, अगदी मायेने. उरली दोन घरं: सेक्रेटरींचं आणि स्वतःचं.

सकाळी दहाला सेक्रेटरी खळीचं भांडं घेऊन तयारच होते. काकूंनी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. एकदा ओठ हलले, पण ते हसले नाहीत; पदाचा मान होता.

"हे नमुन्यात बसत नाही," ते म्हणाले. "हा काय जीवनपट झाला? जन्म नाही, शिक्षण नाही. नुसते टोमणे."

"पान एकच आहे ना? मोजून घ्या."

"आणि हे सगळ्यांचं आहे याला पुरावा?"

"चला, तुमच्या घरापासूनच बघू."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांनी भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "काही गरज नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ ते खळ ढवळत राहिले. शेवटी खिशातून पेन काढलं आणि काकूंच्या कागदावर, खालच्या कोपऱ्यात, हेडक्लार्कच्या सुवाच्य अक्षरात स्वतःच लिहिलं: *सेक्रेटरींनी आधी स्वतः दुरुस्त केलं होतं. म्हणून मला बोलवावं लागलं.*

"पाठ आहे तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"रोज भांडी मीच घासतो," सेक्रेटरी म्हणाले. "आणि तेव्हा फक्त एकदाच दुरुस्त केलं होतं, हे कंसात घालू का?"

"नको."

त्यांनी ब्रश खळीत बुडवला आणि थांबले. "तुमच्या घरचं राहिलं की. तुमच्या सिंकखाली काही नाही?"

होतं. आदल्या रात्री जेवण झाल्यावर काकूंनी आपल्या सिंकखाली टॉर्च मारली होती. नणंद म्हणत होती, "वहिनी, गुडघे जातील," पण त्या वाकल्याच. मनाशी धाकधूक होती. तेवीस घरांना एवढं बोललेला माणूस स्वतःच्या घरी काहीच बोलला नसेल तर? भिंतीवर लाल खडूत दोनच शब्द होते आणि त्यांच्याखाली एकाखाली एक तारखा, बारा वर्षांच्या. शेवटची तारीख काका दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवशीची. काकू तिथेच बसून राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की नणंद घाबरून पाणी घेऊन आली.

"लिहा," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "आमचं घर, बारा नंबर: *उद्या करतो.*"

"काय उद्या करतो?"

"नळ ठिबकतोय आमचा. लिहा तसंच."

सेक्रेटरींनी तसंच लिहिलं, पानाला खळ लावली आणि वहीत दाबून बसवलं. वरून तळहात फिरवला. मग फोटोचा प्रश्न आला, तेव्हा काकू म्हणाल्या, शिंकेचाच राहू दे. निदान तेव्हा काहीतरी खरं चाललं होतं.

"बाजारापलीकडे एक चांगला प्लंबर आलाय," सेक्रेटरी वही कपाटात ठेवत म्हणाले. "हसून बोलतो. पाठवू का तुमच्याकडे?"

काकू दारापाशी थांबल्या.

"बघू," त्या म्हणाल्या. "उद्या."