मी वाजलो नाही तर उजेड कसला?

मी एक जुना पडघम आहे. पोट तांब्याचं, तोंड कातड्याचं, आणि स्वभाव वाईट. मित्रांनो, माझी दया वगैरे येऊ देऊ नका. माझ्याशी जे वाईट वागले त्यांचं मी काय केलं, तेवढं ऐका.

डॅन्यूबकाठच्या आमच्या लहानशा गावात एका तांबटाने मला घडवलं. मढवायला वासराचं कातडं हवं होतं, ते वेंडेलिन खाटकाने दिलं. स्वतःच्या गोठ्यातलं, स्वतः निवडून, स्वतः घासून. आठवडाभर तो मांस कापी आणि रविवारी चर्चमध्ये मला वाजवी. हात जाड, पण टिपऱ्या धरल्या की असे हलके पडत की मला गुदगुल्या होत.

दरवर्षी ईस्टरच्या आधी आमच्या सभागृहात सृष्टीच्या जन्माचं संगीत होई. देवाने जग कसं निर्माण केलं ते सगळं वाद्यांतून आणि गळ्यांतून. बासरीला पक्षी मिळाले होते, व्हायोलिनना समुद्र. त्या लठ्ठ बासूनला, म्हणजे जाड आवाजाच्या फुंकवाद्याला, तर जमिनीवर धपधप चालणारी जनावरं मिळाली होती, आणि त्याचा त्याला कोण अभिमान. मला उजेड मिळाला होता. एकच ठोका, पण सगळ्यांत आधीचा. तो पडल्याशिवाय पक्षी नाही की मासा नाही.

गावाची रीत अशी की सुरुवातीला खिडक्यांच्या लाकडी झडपा मिटायच्या. वादकांपुढे फक्त मिणमिणते दिवे. आकार नसलेलं जग अंधारात चाचपडत असतं, ते व्हायोलिनवाले वाजवत. मग गायक सांगे, देव म्हणाला, उजेड होवो. गायकवृंद कुजबुजे, आणि तेवढ्यात वादक आपापले दिवे फुंकून टाकत. मग मी. माझा ठोका ऐकला की झडपांच्या दोऱ्या धरून बसलेल्या बायका त्या ओढत आणि दुपारचं ऊन आत येई. हे तालमीत कधीच वाजवायचं नाही, असा दंडक होता. देवाने कुठे तालीम केली होती, असं म्हातारे म्हणत.

वेंडेलिनची बायको वाल्बुर्गा दरवर्षी खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर बसे. त्या वर्षी हिवाळ्यात माझं कातडं पुसताना वेंडेलिन हळूच म्हणाला, "लिंत्स शहरातला डॉक्टर म्हणतो, तिचे डोळे वर्षभर टिकतील, पुढचं सांगता येत नाही. म्हणून यंदाचा ठोका तिच्यासाठी आहे. नीट वाज बाबा." मी नीटच वाजणार होतो.

आणि नेमका त्याच वर्षी आमचा संगीतमास्तर हॉर्नुंग मध्ये आला. बिशप येणार म्हणून हा माणूस महिनाभर आरशासमोर छडी हलवत होता.

"वेंडेलिन, यंदा तू राहू दे," तो म्हणाला. "बिशप पहिल्या रांगेत असतील. खाटीकखान्याचा वास नको."

"अंघोळ करून येतो, मास्तर."

"वास अंगाला नसतो रे. धंद्याला असतो."

वेंडेलिनने टिपऱ्या खाली ठेवल्या. टोपी उचलून चालता झाला. पण ज्या वासाला मास्तर नाक मुरडत होता तो अर्धा माझा होता. हे कातडं त्याच गोठ्यातलं. मी तेव्हाच ठरवलं की याला बघून घ्यायचं.

माझ्यापुढे उभा राहिला मास्तरांचा जावई एगोन. गावातला औषधवाला, कडक इस्त्रीची कॉलर. वेंडेलिन मनाने एवढा सरळ की त्यालाही सांगून गेला, "अंधारात लोकांच्या श्वासाने कातडं ढिलं पडतं. ठोक्याआधी कान टेकवा आणि स्क्रू आवळा." एगोन हसला. "डोकं टेकायला ती काय उशी आहे?"

बरं, म्हटलं मी.

तो रविवार उगवला. सभागृह गच्च भरलं. बर्फात भिजलेले कोट, गरम श्वास, मिटलेल्या झडपा. एरवी मी अशा हवेत दात-ओठ खाऊन ताणून धरतो. त्या दिवशी धरलं नाही. एकेक वीण सैल सोडली आणि आरामात पसरलो. एगोन हातभर लांब उभा राहून कॉलर सांभाळत होता.

देव म्हणाला, उजेड होवो. वृंद कुजबुजला. वादकांनी दिवे फुंकले. एगोनने सगळा जोर लावून टिपरी मारली.

धप्प.

ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा आवाज. दोऱ्यांपाशी बसलेली लोणीवाली क्रेसेंझ शेजारणीला म्हणाली, "वाजला का गं?"

"छे. कुणीतरी खुर्ची पाडली."

दोऱ्या जागच्या जागी राहिल्या. इकडे गायक गळा फाडून उजेड झाला, उजेड झाला म्हणून ओरडताहेत, आणि सभागृहात काळाकुट्ट अंधार. छडी दिसेना, कागद दिसेना. बासून एकीकडे, शिंगं दुसरीकडे, सगळं गडगडत थांबलं. त्या शांततेत बिशप म्हणाले, "दिसत तर नाही."

मित्रांनो, इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही.

"झडपा उघडा," मास्तर दात आवळून म्हणाला.

"पडघम वाजल्याशिवाय नाही," क्रेसेंझ म्हणाली. "तुमचाच हुकूम आहे."

एगोनने पुन्हा मारलं. पुन्हा धप्प. आता लोक उघड हसू लागले. मी अजून सैल झालो. शेवटी मास्तराचा आवाज आला, अगदी बारीक. "वेंडेलिन आहे का इथे?"

"आहे," मागून उत्तर आलं. "पण अंधारात वास जास्त येतो, मास्तर."

हशा पिकला. वेंडेलिन जागचा हलला नाही, आणि मला वाटलं, बस असाच. याला गुडघ्यावर येऊ दे. रात्रभर अंधार राहिला तरी चालेल. तेवढ्यात वाल्बुर्गाचा आवाज ऐकू आला.

"वेंडेल, जा ना. मला यंदा अजून दिसतंय."

कुणी हसलं नाही. खुर्ची सरकली, जड पावलं चाचपडत माझ्यापर्यंत आली. वेंडेलिनने गाल माझ्या कातड्यावर टेकवला. "पुरे आता," तो पुटपुटला. "त्याचं काय करायचं ते नंतर कर." तो स्क्रू आवळत गेला आणि मी ताणत गेलो. माझा राग संपला नव्हता. मी तो सगळा पोटात नीट भरून घेतला.

वृंद पुन्हा कुजबुजला. वेंडेलिनची टिपरी पडली आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज केला. दोऱ्या ओढल्या गेल्या. ऊन थेट वाल्बुर्गाच्या तोंडावर आलं. तिच्या शेजारणींनी डोळे मिटून घेतले, तिने नाही मिटले. पक्षी, मासे, बासूनची ती जनावरं, सगळे येऊन गेले तरी ती खिडकीकडेच बघत होती. पुढच्या ईस्टरला वेंडेलिन तिला हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन आला.

आता माझं कातडं फाटलंय. मला सभागृहाच्या माळ्यावर टाकलंय, कौलं गळतात. खाली भिंतीवर हॉर्नुंग मास्तराची मोठी तसबीर आहे, सोनेरी चौकटीत. वेंडेलिनची कुठेच नाही.

तर मित्रांनो, वाद्यं कोरडी ठेवा, कातड्याला तेल लावा, आणि कष्टाच्या हातांना नाक मुरडू नका. कारण आम्ही विसरत नाही. माझ्या बुडाला हवेसाठी एक भोक आहे. बर्फ वितळायला लागलं की माझ्या पोटात पाणी साठतं आणि त्या भोकातून थेंब थेंब खाली पडतं. तसबिरीतली छडी केव्हाच पुसली गेली. यंदा नाकाची पाळी आहे.