जालन्याला गेलेली माणसं

"ताई, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

पर्यवेक्षिका आकांक्षा मॅडमनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं, की आजूबाजूच्या चार अंगणवाडी सेविकांनी लगेच माना वळवल्या.

"उलटंच पाह्यजे मॅडम," बेबीनंदाताई म्हणाल्या आणि तशाच पुढं वाचत राहिल्या.

भोकरदनच्या त्या मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीची थर्माकोलची नावं अजून भिंतीवर होती. ज्या टेबलांवर काल वरण-बट्टी वाढली गेली, त्यांवर आज लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मांडलेली. कुठल्याशा संस्थेनं ती आणली होती आणि प्रत्येक अंगणवाडीला त्यातली पाच फुकट मिळणार होती. नवल फुकटाचं नव्हतं. नवल हे, की पुस्तकं सेविकांनी स्वतः निवडायची होती. आजवर पुस्तकं आली ती तूरडाळीसारखी, गोण्या शिवून. एका वर्षी समुद्राची सात पुस्तकं आली होती. मुलांनी ती पाझर तलावाची म्हणून ऐकली आणि कुणाचंही नुकसान झालं नाही. बेबीनंदाताईंची नोकरी संपत आली होती. एवढ्या नोकरीत त्यांनी काही निवडलं असेल, तर ते तांदूळ.

उलट्या पुस्तकाचं कारण साधं होतं. अंगणवाडीत पुस्तक एक आणि मुलं वीस. चित्र मुलांना दिसायला हवं, म्हणून पुस्तक छातीशी धरून त्यांच्याकडं तोंड करायचं आणि आपण वरून वाकून वाचायचं. वरून पाहणाऱ्याला अक्षरं उलटी दिसतात. पहिली काही वर्षं ताई अडखळल्या. मग अशी सवय झाली, की सुलट्या अक्षरांशीच थोडं परकेपण आलं. घरी राजानंद, म्हणजे त्यांचे यजमान, पेपर पुढ्यात पसरून बसले, की समोर मेथी निवडत बसलेल्या ताई त्यांच्या आधी पान वाचून मोकळ्या होत आणि बातमी सांगून टाकत. राजानंदांनी आयुष्यात एकही बातमी ताजी वाचली नाही.

तर ताई प्रत्येक पुस्तक छातीशी धरून, वाकून, पुटपुटून पाहत होत्या. वाक्य एका दमात म्हणता येतं का? चित्र शेवटच्या रांगेतल्या नाक पुसणाऱ्याला दिसेल का? मधे मुलांना ओरडायला जागा आहे का? हात धुणारा हत्ती त्यांनी परत ठेवला. दात घासणारी मगरही परत ठेवली.

"चांगलं आहे की ते, आरोग्याचं," मॅडम म्हणाल्या.

"चांगलंच हाय. पण हत्ती दिसला की आमची पोरं वळखतात, आता हा हात धुवायला लावणार. पळून जातात."

ससा घेतला, बेडूक घेतला, दोन अस्वलांची दोन पुस्तकं घेतली. पाचवं उचललं, तेव्हा मॅडमनी त्यावर हात ठेवला.

"हे नको, ताई. यात शेळी मरते."

"मरते. म्हणून तर घेतलं."

"अहो, तीन-चार वर्षांची मुलं! काहीतरी आनंदी घ्या."

"चार आनंदी घेतले ना मॅडम. अस्वलं तर दोन्ही आनंदी हायेत. एक शेळी घेऊ द्या."

"पालकांनी तक्रार केली तर?"

"माझ्यावर करतील. मला उन्हाळ्यात घरीच बसायचंय."

मॅडम वाईट नव्हत्या, नव्या होत्या. त्यांनी शेळीकडं पाहिलं, ताईंकडं पाहिलं. "बरं, घ्या," म्हणाल्या. "फोटोत मात्र ससा पुढं धरा."

ताईंनी ससा पुढं धरला.

*

राजूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, ताईंचं गाव आहे. त्या गावात लहान मुलांपुढं कुणी मरत नाही. मरणारा माणूस जालन्याला जातो. मूळ कारण खरंच होतं. छातीत दुखलं, साप चावला, ताप उतरेना, की माणसाला जालन्याच्या दवाखान्यात न्यायचे. काही परत यायचे, काही यायचे नाहीत. जे यायचे नाहीत, त्यांच्याबद्दल पोरांना सांगायला अर्धं खरं वाक्य तयारच होतं. पुढं पुढं वावरात किंवा ओट्यावर गेलेली माणसंही गाव जालन्यालाच पाठवू लागलं. गावाच्या हिशेबानं जालना शहर फार मोठं झालं असणार.

सव्वा महिन्यापूर्वी तुळजाबाई जालन्याला गेली. तिची नात सोनूबाई अंगणवाडीत होती. तिचं कागदावरचं नाव वेगळं, पण आजीनं पहिल्या दिवसापासून सोनूबाई म्हटलं आणि गावानं तेच उचललं. आई-बाप वाळूजला कंपनीत, पोर आजी-आजोबांकडं. तुळजाबाईला पिकअपमध्ये नेलं तेव्हा पोर शेजारी खेळत होती. सगळं उरकेपर्यंत ती शेजारीच राहिली. मग आजोबांनी, कडूबांनी, तिला सांगितलं, "आज्जी जालन्याला गेल्ती, तिथंच हाय."

पोरीनं ते वाक्य मनावर घेतलं. जालना हे काही आभाळातलं गाव नव्हतं. तिथं रोज गाडी जाते. राधेश्याम मोसंबी घेऊन जातो, कुणी बियाणं आणायला जातं, कुणी लेकीकडं. तेव्हा सोनूबाई जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर आजीसाठी काहीतरी द्यायला लागली. मूठभर बोरं. अर्धी चिक्की, म्हणजे उरलेली अर्धी. राधेश्यामच्या गाडीत समोर आठ दिवस एक पेरू होता. तो फेकायचा धीर त्याला झाला नाही आणि खायचाही झाला नाही.

मग मदतनीस गोजरबाई लेकीकडं निघाली. सोनूबाईनं तिच्या हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला. "माझ्या आज्जीला द्या."

परत आल्यावर पोरीनं तिला दारातच गाठलं. "देल्ला?"

"देल्ला की."

"काय म्हणली?"

गोजरबाई मुलांची खिचडी शिजवते. कथा रचणं हे तिचं काम नाही. "म्हणली... बरं हाय म्हणली."

"मंग कधी येती?"

गोजरबाई चुलीकडं निघून गेली. दुपारी मुलं गेल्यावर ती ताईंजवळ येऊन बसली.

"ताई, काही तरी करा. ती पोरगी आता मला रोज ईचारून राह्यली. आज्जीनं केस कोणच्या बाजूला बांधलेत म्हणती. मी डावीकडं सांगितलं."

"सांगायचं ना खरं."

"कोणी? मी? तुम्ही सांगा."

 ताईंच्याही तोंडून ते निघत नव्हतं.

त्या स्वतः चार वर्षांच्या असताना त्यांची आई जालन्याला गेली होती. नऊ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडलांनी त्यांना पहिल्यांदा जालन्याला नेलं, चपला घ्यायला. तोवर त्यांना सगळं कळलेलं होतं, म्हणजे कळलेलं असावं. तरी त्या दिवशी बाजारात दिसणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड त्यांनी पाहून घेतलं. वडील म्हणाले, "खाली बघ, चपला बघ." चपला कशा होत्या ते त्यांना आता आठवत नाही. हे त्यांनी राजानंदांनाही कधी सांगितलं नव्हतं. आजही कामानं जालन्याला गेल्या, की गर्दीत थोडा वेळ नजर आपोआप फिरते. ताईंचं वय आईच्या वयाच्या दुपटीच्या पुढं गेलंय, पण नजरेला हे कोण सांगणार?

म्हणून मंगल कार्यालयात त्या पाचव्या पुस्तकाचं पान उघडलं आणि उलटी दोन शब्दांची ओळ दिसली, तेव्हा त्यांनी ते मिटून काखेतच धरलं होतं.

"आपल्या तोंडून निघत न्हाई ना," त्या आता ते पुस्तक गोजरबाईपुढं ठेवत म्हणाल्या, "पुस्तकाच्या तोंडून निघंल."

"आणि कडूबा?"

"बघू."

"बघू म्हणजे काय बघू? त्यो भांडायला येईल."

"येऊ दे. खिचडी ज्यादा टाक."

*

सकाळी मुलं सतरंजीवर बसली. ताईंनी पुस्तक छातीशी धरलं. ढवळी नावाची शेळी होती. ती कपडे खायची, वही खायची, आजोबांची टोपी खायची. प्रत्येक पानाला मुलं "बेंऽऽ" करून ओरडायची. एक जण इतकं मन लावून ओरडला, की बाहेर बांधलेल्या खऱ्या शेळीनं उत्तर दिलं. मग ढवळी म्हातारी झाली. टोपी समोर ठेवली तरी खाईना. मुलं ओरडायची थांबली.

ताईंनी पान उलटलं. चित्रात नुसता खुंटा होता, आणि दोरी.

"ढवळी मेली," ताईंनी वाचलं.

"झोपलीय," पहिल्या रांगेतला एक म्हणाला.

"न्हाई. मेली."

"आमची म्हैस बी मेल्ती," दुसऱ्यानं सांगितलं. "टेम्पोत नेली."

"आमचा कोंबडा मेला, आम्ही खाल्ला."

चर्चा योग्य मार्गानं चालली होती.  सोनूबाई तेवढी गुडघ्यांवर उभी राहून खुंट्याकडं पाहत होती.

"बाई, ती जालन्याला न्हाई गेली?"

"न्हाई बाळा. मेलं की कुठंच जात न्हाई. मंग येत बी न्हाई."

"माझी आज्जी?"

मागं पातेल्यात फिरणारी पळी थांबली. ताईंनी पुस्तकात पाहिलं. पुढचं तिथं लिहिलेलं नव्हतं. पुस्तकानं आपलं काम केलं होतं, उरलेलं त्यांचं होतं.

"तुझी आज्जी मेली, सोनूबाई."

 पोरीनं मागं वळून गोजरबाईला विचारलं, "मंग लाडू कोणी खाल्ला?"

 "गाईनं," गोजरबाई म्हणाली. "स्टँडवरच्या."

"काळ्या?"

"तांबड्या."

हे सोनूबाईला पटलं. आणि पटल्यावर ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. ताईंनी तिला मांडीवर घेतलं. बाकीच्या मुलांनी तिच्याकडं पाहिलं. थोड्या वेळानं त्यांतला म्हशीवाला हळूच म्हणाला, "बाई, पुढं?"

ताईंनी तिला मांडीवर ठेवूनच पुढचं वाचलं. या वेळी चित्र मुलांकडं धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून सगळी मुलं त्यांच्या मागं येऊन, खांद्यांवर लोंबकळत, पाहत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या आधी कडूबा आले. डोक्यावर टोपी, पुढं सोनूबाई. ती त्यांचं बोट धरून ओढत होती, त्यामुळं त्यांना रागानं चालता येत नव्हतं.

"ताई, काय सांगितलं तुम्ही पोरीला?"

"जे झालं ते, आबा."

"मी तिला बराबर सांगितल्तं. सव्वा महिना संभाळलं मी. मोठी झाली की कळलंच असतं."

"कळतं. पण तवर वाट पाहावी लागती ना."

"लहान लेकरू हाय ते!"

"लहान हाय म्हणूनच लई वाट पाहतं."

 कडूबा उंबऱ्यावर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काल घरी आली," ते म्हणाले, "अन मला ईचारती, आबा, आज्जी मेली, तुम्हाला ठाव हाय का?"

"मंग?"

"मी म्हणलं, न्हाई."

गोजरबाईनं आत पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, सांगता येत नव्हतं.

"काय म्हणू दुसरं?" कडूबा म्हणाले. "खरंच सांगतो ताई, मलाबी तसंच वाटून राह्यलं होतं. पोरीला सांगू सांगू माझंबी तेच झालं. सांजच्याला जालन्याची गाडी वाजली की मी चहाचं आधण दोन कपांचं ठेवतो. पोरगी चहा पेत न्हाई." त्यांनी टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मंग मला म्हणती, तुम्हाला ठाव न्हाई तर चला, बाईकडं पुस्तक हाय. त्याच्यात दाखवते. म्हणून आलो. भांडायला न्हाई आलो. आल्तो भांडायलाच, पण..."

"आत या आबा. चप्पल राहू द्या."

कडूबा सतरंजीवर बसले. मुलांनी सरकून जागा करून दिली, पण मागं नाही, पहिल्या रांगेत, कारण नवीन आलेल्याला पुढं बसवायचं असतं. त्यांचे गुडघे नीट दुमडत नव्हते. सोनूबाई त्यांना चिकटून बसली आणि प्रत्येक पानाच्या आधी काय येणार ते त्यांच्या कानात सांगू लागली. ढवळीनं टोपी खाल्ली तेव्हा सगळी मुलं त्यांच्याकडं वळून ओरडली. कडूबांनी टोपी घाईनं काखेत घेतली. मुलं खूप हसली. तेही थोडेसे हसले.

मग खुंटा आला.

ताईंनी दोन शब्द वाचले.  कडूबा पुढं झुकले. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, ती त्यांनी कानामागं दाबून धरली आणि चित्राकडं पाहत राहिले. चित्रात पाहण्यासारखं फार काही नव्हतं. लाकडाचा तुकडा आणि सुटी दोरी.

"आबा, ती मेली," सोनूबाईनं समजावून सांगितलं. "पुढं पिल्लू हाय. चांगलं हाय पुढं. बाई, पान पलटा ना."

ताईंचं बोट पानाच्या कोपऱ्याशी गेलं.

"थांबा," कडूबा म्हणाले. "बघू द्या जरा."

ताई पुस्तक तसंच धरून बसल्या. आत खिचडी झाली होती, पण गोजरबाईनं कुणाला हाक मारली नाही.